कळांची वाट

धाकटी दवाखान्यातून परत आली ती जिना चढून वर घरात गेलीच नाही. खालच्या कारखान्यात शिरली आणि कॅनव्हासचे तागे रचून ठेवले होते त्यांवर जाऊन बसली, बस चालवताना बसते तशीच ताठ. थोरली तेव्हा कापणीच्या टेबलापाशी होती. एका शाळेच्या अंगणावर घालायचं छत टेबलभर पसरलेलं होतं, खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या आणि कात्री अर्ध्या रेघेपर्यंत पोचली होती. कापड अर्ध्यावर सोडायचं नाही हा थोरलीचाच नियम. त्यापायी तिने कितीतरी कप चहा गार करून घेतला होता. पण जावेचा चेहरा पाहिला आणि तिने कात्री खाली ठेवली. ते पाहून सासऱ्यांनी मशीन बंद केलं. खालचा खडखडाट अवेळी थांबला म्हणून सासूबाई जिन्यातूनच काय झालं विचारत उतरल्या.

"कळा आणाव्या लागतील म्हणाल्या डॉक्टर," धाकटी म्हणाली. "आपोआप येतील म्हणून बसून राहायला नको म्हणाल्या."

मग तिने सगळं नीट सांगितलं. दिवस भरून गेले होते हे सगळ्यांना ठाऊकच होतं. आजच्या तपासणीत दिसलं ते वेगळं होतं. बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं आणि मागच्या तपासणीपासून बाळाचं वजन वाढायला हवं होतं तेवढं वाढलं नव्हतं. ठोके मात्र चांगले होते. म्हणूनच डॉक्टरांनी तिला आजच्या आज ठेवून घेतलं नव्हतं. घरी जा, विचार करा, उद्या सकाळी तयारीने या, असं त्या म्हणाल्या होत्या. हालचाल कमी वाटली तर मात्र सकाळची वाट न पाहता त्याच पावली यायचं.

धाकटी शहर बसची ड्रायव्हर. मधोमध जोड असलेली लांबलचक बस ती भर बाजारातून सुईत दोरा ओवावा तशी काढत असे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिचं नाव ड्रायव्हरसाहेब ठेवलं होतं. दिवस भरत आले तसे आळीतले लोक येता-जाता विचारू लागले, ड्रायव्हरसाहेब, गाडी कधी सुटणार? तिचं उत्तर ठरलेलं असे: वेळ झाली की सुटेल, धक्का मारायला कोणी येऊ नका. मध्यंतरी सासूबाईंनी सुचवून पाहिलं होतं, की डॉक्टरांना सांगून एखादी तारीख ठरवून घ्यावी, म्हणजे सगळ्यांची सोय होईल. तेव्हा धाकटीने साफ नाही म्हटलं होतं आणि थोरली तिच्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहिली होती. इतक्या वर्षांत त्या घरात थोरलीला आपल्या बाजूचं माणूस पहिल्यांदा मिळालं होतं ते त्या दिवशी. तेव्हापासून दोघी जावांचं असं काही मेतकूट जमलं, की सासूबाई म्हणत, माझ्या घरात आता दोन सरकारं झाली.

त्यामुळे आता सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. आणि थोरलीने जे म्हणायचं तेच म्हटलं.

"घाई डॉक्टरांना असते. बाळाला नसते. ठोके चांगले आहेत असं त्याच म्हणाल्या ना? मग थांबू."

सासूबाई तयारच होत्या. डॉक्टर काय वेड्या आहेत का, त्यांनी शिक्षण घेतलं ते काय हवा खायला, असं त्यांनी सुरू केलं, आणि आपल्याला जे कळत नाही त्यात जीव धोक्यात घालायचा नाही यावर आणून सोडलं. थोरली म्हणाली, कळत नसेल तर विचारावं, नुसती मान कशाला डोलवावी. सासूबाईंना ते वर्मी लागलं. त्या म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वीचं उगाळत बसायची ही वेळ नाही. थोरली म्हणाली, मी कुठे काय उगाळलं? आणि दोघी गप्प झाल्या, कारण त्या घरात ती गोष्ट कोणी कधी उगाळलीच नव्हती.

एवढ्यात धाकटा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोचा निरोप मिळताच हात न पुसता निघाला होता. त्याने आईचं ऐकलं आणि म्हणाला, बरोबर आहे. मग वहिनीचं ऐकलं आणि म्हणाला, हेही बरोबर आहे. शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याचा पक्ष धाकट्याचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि एरवी त्यावर हसूही व्हायचं. आज हसलं कोणी नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासऱ्यांनी त्याला स्टूल दिलं आणि म्हणाले, मला छताला ताण कुठे द्यायचा ते कळतं, माणसाला कुठे द्यायचा ते कळत नाही. मला यात ओढू नका. पण जरा वेळाने त्यांनीच विचारलं, की पाणी कमी झालं ते पुन्हा वाढतं का? धाकटी म्हणाली, मी विचारलं होतं. या दिवसांत सहसा नाही वाढत म्हणाल्या. सासऱ्यांनी मान खाली घातली आणि बोटातलं जाड अंगुस्तान काढून ते फिरवत बसले.

राहता राहिला थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा. तो दाराशी दोरखंडाची वेटोळी घालत होता आणि एवढा वेळ चकार शब्द बोलला नव्हता. सासूबाईंनी त्याला हाक मारली, की अरे, मोठा ना तू, सांग काहीतरी. तो नेहमी आईच्याच बाजूने पडायचा. भांडणं त्याला सोसायची नाहीत. थोरलीने मनातल्या मनात त्याला आईच्या खात्यावर मांडूनही टाकलं होतं.

"मागच्या वेळी मी मान हलवली होती," तो म्हणाला. "या वेळी हलवणार नाही. कुठल्याच बाजूला."

आणि तो पुन्हा दोर गुंडाळायला लागला. थोरली त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. दहा वर्षांत हा विषय त्याने पहिल्यांदा तोंडातून काढला होता, तोही सगळ्यांसमोर.

धाकटी ताग्यांवरून उठली. उठायला तिला दोन्ही हात टेकावे लागले, आणि धाकटा धावला तर तिने त्याला हातानेच बस म्हटलं. "सगळ्यांचं बोलून झालं असेल तर मी आणि ताई जरा पाय मोकळे करून येतो," ती म्हणाली. "आणि आम्ही येईपर्यंत कोणी काही ठरवू नका."

दोघी निघाल्या. उन्हं कलली होती. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, केस कापायचं दुकान, मग कोपऱ्यावरचा बस थांबा. समोरून एक बस गेली आणि तिच्या ड्रायव्हरने धाकटीला पाहून हॉर्न वाजवला. धाकटीने हात केला. थांब्यावरच्या बाकावर दोघी बसल्या. धाकटीचा एक हात सारखा पोटावर होता. थोरलीच्या लक्षात आलं, की ही वाटभर लक्ष देऊन बाळाच्या हालचाली मोजत होती.

"हलतंय का?" थोरलीने विचारलं.

"हलतंय. मोजलं तर तेवढंच, पण कालच्यासारखा जोर नाही."

थोरलीने स्वतःला सांगितलं, की शेवटी जागा कमी पडते म्हणून जोर कमी होतो असं सगळेच म्हणतात. आणि लगेच तिला हेही कळलं, की आपण आता डॉक्टरांना खोटं पाडायला कारणं शोधतोय.

धाकटीने विचारलं, "ताई, तुमचा राग नक्की कशावर आहे? औषधावर?"

थोरलीने जे घडलं ते सांगितलं. तपासणीला म्हणून गेली होती, दिवस अजून भरायचे होते. डॉक्टर तिला आत झोपवून बाहेर गेले आणि बाहेर सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोलले. दाराच्या फटीतून तिला दोघांच्या हलणाऱ्या माना दिसल्या. जरा वेळाने सिस्टर आली, हात पुढे करा म्हणाली आणि सुई टोचली. तेव्हा तिला समजलं, की आज. मग कळा आल्या, त्या दोन दिवस नुसत्या येत राहिल्या. बाळ खाली सरकेना. शेवटी धावपळ करून पोट फाडलं. मुलगी चांगली झाली, आता दहा वर्षांची घोडी झाली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी तिला शेजारणीकडून कळलं, की ते डॉक्टर त्यानंतर सुट्टीवर जाणार होते. कारण एवढंच.

"मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. "मी तिथेच होते. दाराच्या अलीकडे. कोणीही आत येऊन मला विचारू शकलं असतं."

एक बस आली, थांबली, दोन म्हाताऱ्या उतरल्या, बस गेली.

"मी सासूबाईंना नाही म्हटलं होतं ते सोयीसाठी नको म्हणून," धाकटी मग म्हणाली. "आता सोयीचा प्रश्नच नाही. समोर धुकं असलं तर मी गाडी कडेला घेऊन थांबते, ताई. पण रेल्वेच्या फाटकात गाडी बंद पडली तर थांबणं शहाणपणाचं नसतं. एकदा नाही म्हटलं म्हणून आता नाहीच, असं मी करणार नाही. माझा शब्द राखायला मी बाळाला आत ठेवणार नाही."

"म्हणजे ठरवलंस तू."

"जवळजवळ. उद्या आणखी एकदा विचारून घेणार आहे. पण विचारायचं काय ते मला सुचत नाही. आज तिथे बसले होते आणि डोकं रिकामं झालं होतं. तुम्ही दहा वर्षं त्याच प्रश्नांवर जागताय. तुम्ही चला माझ्याबरोबर. आत, शेवटपर्यंत. यांना रक्त पाहिलं की घेरी येते, हे दाराबाहेर बसतील."

थोरलीला नाही म्हणायचं होतं. त्या दिवसानंतर ती तसल्या खोलीची पायरी चढली नव्हती; नात्यातल्या बाळंतिणींनाही त्या घरी आल्यावरच ती भेटायला जायची. पण धाकटीने तिची परवानगी मागितली नव्हती की तिचं मत मागितलं नव्हतं. ती सोबत मागत होती.

"मी विचारायला लागले तर डॉक्टरांच्या नाकी नऊ आणीन," थोरली म्हणाली.

"म्हणून तर नेतेय."

दोघी घरी आल्या तेव्हा छत टेबलावर तसंच पसरलेलं होतं, कोणी हात लावला नव्हता. थोरलीने दिवा लावला आणि राहिलेली रेघ कापून टाकली. मगच जेवायला वर गेली.

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीत धाकटी बसली. दुसरीत सवयीने सासूबाई बसल्या, आणि थोरली धाकटीच्या मागे उभी राहिली. धाकटा दाराबाहेर पिशव्या घेऊन उभा होता. डॉक्टर तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी धाकटीला विचारलं, की मग काय विचार केलात? सासूबाई म्हणाल्या, आमची तयारी आहे.

"आई, तिला विचारलंय," थोरली म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता. पण सासूबाईंनी वळून पाहिलं, आणि थोरलीने नजर काढली नाही. सासूबाई पुढे काही बोलणार होत्या त्या थांबल्या आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करू लागल्या.

मग थोरलीने सुरुवात केली. हे आजच का, परवा का नाही? डॉक्टर म्हणाल्या, परवाही चालून जाईल कदाचित, मी काही भविष्य सांगत नाही. पण पाणी कमी असलं आणि वाढ मंदावली असली की प्रत्येक दिवसाचा धोका आदल्या दिवसापेक्षा जास्त असतो, आणि आत राहून बाळाला आता फायदा काही नाही. कळा आणून आल्याच नाहीत तर? तसं होतं कधीकधी. गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट आहे, म्हणून आधी ते मऊ करायचं औषध, नंतर सलाईनमधून कळांचं. वेळ लागेल, एक दिवस, दीड दिवस, जास्तही. दुखणं आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा जास्त असतं का? बऱ्याच बायका जास्त असतं म्हणतात, डॉक्टर म्हणाल्या, आणि मी त्यांना खोटं ठरवणार नाही; दुखणं कमी करायची सोय आहे, मागाल तेव्हा मिळेल. ऑपरेशन करावं लागलं तर ते कोण ठरवणार? डॉक्टर धाकटीकडे पाहून म्हणाल्या, कारण मी सांगेन, ठरवतील या.

थोरलीचे प्रश्न संपले नव्हते. पण एकेका प्रश्नाला कोणी सरळ उत्तर देतंय, याची तिला सवयच नव्हती. दहा वर्षांपूर्वीही ही उत्तरं मिळाली असती. एवढीच तर होती.

धाकटीने मागे न पाहता थोरलीचा हात शोधून धरला. "सुरू करा," ती डॉक्टरांना म्हणाली.

पहिला दिवस नुसता बसण्यात गेला. औषध दिलं, काही झालं नाही. पुन्हा दिलं, कंबर दुखायला लागली आणि थांबली. धाकटी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती आणि दर वळणाला हात बाहेर काढून वळत असल्याची खूण करत होती, सिस्टरना हसवायला. दुसऱ्या सकाळी सलाईन लावली आणि हसणं संपलं. कळा आल्या त्या एकीच्या पाठीवर एक. थोरली तिची कंबर दाबत होती, कॅनव्हास ओढून ओढून घट्ट झालेल्या हातांनी, आणि धाकटी म्हणत होती, आणखी जोरात, ताई. दुखणं कमी करायचं इंजेक्शन तिने मागितलं आणि घेतलं. त्यात कमीपणा काय, असं थोरली तिला म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली. महिन्यापूर्वी ती असं म्हणाली नसती.

पण दुपार झाली तरी बाळ फारसं पुढे सरकलं नव्हतं. डॉक्टर बदलल्या होत्या. नव्या आलेल्या म्हणाल्या, फार वेळ चाललंय, ऑपरेशनचा विचार करायला हरकत नाही. त्यांनी हे खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. बाहेर बाकावर सासूबाई होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि उठून आल्या. करा, लगेच करा, त्या म्हणाल्या, पोरीचे हाल बघवत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरलीने सासूबाईंना रडताना पाहिलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी दाराबाहेर त्या अशाच उभ्या असतील का, हा विचार तिला पहिल्यांदा शिवला. तो तिला आवडला नाही, पण तिने तो बाजूलाही सारला नाही.

ती डॉक्टरांना म्हणाली, आत या, तिच्यासमोर सांगा. डॉक्टर आत आल्या. थोरलीने विचारलं, बाळाचे ठोके कसे आहेत? चांगले आहेत. आईला ताप, काही? नाही. मग आणखी थांबता येईल की नाही? डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, मशीनमधून निघालेली पट्टी बोटांनी मागेपुढे करून पाहिली, आणि म्हणाल्या, येईल. सरकतंय, पण हळू. दोन-तीन तास पाहू. ठोके बदलले तर मात्र मग वाट पाहायची नाही.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ओठ सुकून पांढरे झाले होते.

"थांबू," धाकटी म्हणाली. "आणि बदलले तर कापा. मी सांगून ठेवतेय आत्ताच, नंतर मला बोलता आलं नाही तर ताई सांगतील."

थोरलीने सिस्टरला विचारून तिला कुशीवर वळवलं, दोन उशा पायांमध्ये दिल्या, आणि जिथे तिने बोट दाखवलं तिथे दाबत राहिली. ती मशीनच्या आवाजाकडे कान लावून होती. टकटक, टकटक, एकसारखी. एकदा ती मंदावली आणि खोलीतल्या सगळ्याजणी एकदम मशीनकडे वळल्या. कळ ओसरली आणि ठोके पुन्हा आपल्या चालीवर आले. बाहेर धाकटा दर थोड्या वेळाने दार इंचभर उघडायचा आणि थोरली मान हलवून त्याला बरं आहे म्हणायची. तासभर असाच गेला असेल. मग धाकटी एकाएकी म्हणाली, की आता मला जोर द्यावासा वाटतोय, आणि सिस्टरने तपासून पाहिलं तर सगळं उघडलं होतं. नंतरचं फार लवकर झालं. थोरलीला एवढंच आठवत राहिलं, की धाकटीने तिच्या मनगटाला असं धरलं होतं की बोटांचे वळ उठले, आणि ती ओरडत नव्हती, चढावर गाडी चढवताना इंजिन गुरगुरतं तशी गुरगुरत होती.

मुलगी झाली. लहानशी, सुरकुतलेली, पण आल्या आल्या तिने असा आवाज लावला, की दाराबाहेर धाकटा मटकन खाली बसला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. वजन थोडं कमी होतं, बाकी काही नाही. पाणी फारच थोडं उरलं होतं, वेळेवर आलात, असं डॉक्टर थोरलीला म्हणाल्या. थोरलीने मान डोलावली.

धाकटीने बाळाला छातीशी घेतलं, पाजलं, बराच वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे मिटायला लागले तशी तिने ते गाठोडं थोरलीच्या हातात दिलं आणि पडल्या पडल्या झोपली. थोरली खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली. हातातला जीव कापडाच्या तुकड्याएवढा हलका होता.

दार हळूच उघडलं आणि सासूबाई आत आल्या. त्यांनी आधी धाकटीकडे पाहिलं, तिच्या अंगावरचं पांघरूण जरा वर ओढलं. मग खुर्चीपाशी आल्या. त्या घरात बाळ दिसलं की सासूबाईंनी ते उचललं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यांचे हात पुढे आलेही होते. पण ते मध्येच थांबले.

"मी घेऊ का?" त्यांनी विचारलं.

थोरलीने बाळाकडे पाहिलं. बाळाची मूठ तिच्या बोटाभोवती होती.

"आत्ताच डोळा लागलाय, आई," ती म्हणाली. "जरा थांबता का?"

सासूबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल आवाज न करता ओढून घेतलं, थोरलीच्या गुडघ्याला गुडघा लागेल असं मांडलं, आणि हात मांडीवर ठेवून थांबल्या.